भुवईवरचं डुक्कर

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्या भुवईवरच्या खुणेची गोष्ट वारज्यात अजून सांगतात आणि दर वेळी तिच्यातलं डुक्कर थोडं मोठं होतं. परवा सोसायटीतल्या हळदीकुंकवाला भावकीतल्या एका सुनेनं ती मलाच ऐकवली. तिच्या गोष्टीत तुम्ही रानडुकराशी हातघाईवर आला होतात आणि त्याचा सुळा तुमच्या भुवईला चाटून गेला होता. मी चिवडा खात ऐकून घेतलं. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे कुठलं खोटं खोडायचं आणि कुठलं सोडून द्यायचं एवढं मला कळतं. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून लिहायला बसले. डुकरानं तुम्हाला शिवलंही नव्हतं, आबा. तुम्हाला लागली ती तुमचीच दुर्बीण, रायफलीवर चढवायला हौसेनं आणलेली.

ती आणली तो दिवस मला चांगला आठवतो, कारण तो माझ्या चष्म्याचा दिवस होता. शाळेतून बाईंचा निरोप आला होता की मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, चष्मा लावा, नाहीतर तिला पुढच्या वर्गात बसवून उपयोग नाही. आपण भाजीची गाडी घेऊन मंडईला निघालो तेव्हा आई दारापर्यंत आली. "अवं, येताना पोरीचं डोळं दावून आणा. तिला लांबचं कायबी दिसत न्हाई." तुम्ही "व्हय, व्हय" म्हणालात. डॉक्टरकडे जायचं म्हणून मी वेणीला नवी रिबीन बांधली होती. गाडी रिकामी झाली आणि तुम्ही मला नेलंत कुठे, तर कॅम्पात, बंदुकांच्या दुकानात. वाटेत मी विचारलं, तर म्हणालात, "पोरीच्या जातीला चष्मा लागला तर करून घेणार कोन तुला? मोठी झालीस की आपसूक जाईल." वय वाढलं की नजर सुधारते, हा शोध सबंध पुण्यात तुम्ही एकट्यानंच लावला होता.

दुकानात पाऊल ठेवताच तुमची भाषा बदलली. घरी 'हाय' नि 'न्हाई' म्हणणारा माणूस तिथे "आम्हाला जरा उत्तम प्रतीची दुर्बीण पाहायची आहे" असं बोलू लागला. आपल्याला परवाना होता तो पिकाच्या राखणीचा. डुकरं उसात शिरतात म्हणून सरकारनं दिलेला. पण तुम्हाला राखणदार व्हायचं नव्हतं, शिकारी व्हायचं होतं. म्हाताऱ्या दुकानदारांनी फक्त एवढंच विचारलं, "काय मारणार आपण, आणि किती लांबून?" तुम्ही म्हणालात, डुक्कर, उसाच्या बांधावरून. त्यांनी एक छोटी दुर्बीण पुढे केली. "मग ही घ्या साहेब. चौपट दाखवते, तिन्हीसांजेला उजेड चांगला घेते. ती मोठी आहे ना, ती या डोंगरावरून त्या डोंगरावरचं बघायला. बांधावरून तिच्यातून पाहिलंत तर डुक्कर नाही, नुसते केस दिसतील." तुम्ही छोटीकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ही आमच्या गड्याला शोभेल." मोठी घेतलीत. ती बांधून देताना ते सांगत होते की मागचं कडं ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे फिरवायचं, आणि डोळा काचेपासून चार बोटं मागे ठेवायचा, रायफल उलटा झटका देते. तुम्ही समोरच्या काचेच्या कपाटात स्वतःच्या मिशा बघत "हं, हं" करत होतात. मी तिथेच उभी होते. त्या कपाटातल्या बंदुका मला काठ्यांच्या मोळीसारख्या दिसत होत्या.

मग खंडेनवमी आली. अंगणात पाटांवर विळे, खुरपी, नांगराचा फाळ, मधोमध रायफल, आणि तिच्या शेजारी तिच्यावर अजून न चढवलेली ती दुर्बीण. सगळ्या अवजारांना ओलं कुंकू लावत तुम्ही दुर्बिणीपाशी येता आणि अंगठा सरळ तिच्या काचेवर टेकवता. मागून आई म्हणते, "अवं, काचंला कशाला?" तुम्ही म्हणता, "हत्याराचा डोळा हाय त्यो, त्येला नको व्हय?" पूजा आटोपल्यावर मात्र तुमची गाळण उडाली. धोतराच्या सोग्यानं पुसलं तसं कुंकू काचभर पसरलं. पुन्हा पुसलंत आणि मला हाक मारलीत, "ये गं, लहान डोळं तुझं. बघ बरं, साफ झाली का?"

माझे डोळे! ज्यांना फळा दिसत नव्हता ते. मी पाहिलं आणि म्हणाले, सगळं धुरकट आहे. तुम्ही पुन्हा पुसलंत. मी पुन्हा म्हणाले, धुरकट. तेव्हा तुम्हाला ते कडं आठवलं. कुंकवानं माखलेल्या बोटांनी तुम्ही ते फिरवत गेलात, दर खेपेला विचारत, "आता?" मी म्हणायची, नाही. फिरवत फिरवत खूप पुढे गेलात आणि एकदम टेकडीवरच्या झाडाला पानं फुटली. खरंच सांगते, तोवर मला वाटायचं की लांबची झाडं म्हणजे हिरवे ढिगारेच असतात, सगळ्यांनाच तशी दिसतात. मी ओरडले, "आबा, पानं! सुटी सुटी पानं!" तुम्ही खूश होऊन दुर्बीण स्वतःच्या डोळ्याला लावलीत. तुम्हाला काहीच दिसेना. तुम्ही ती खाली घेतलीत, माझ्याकडे पाहिलंत, कड्याकडे पाहिलंत. माझी नजर किती अधू आहे हे त्या घटकेला तुम्हाला डॉक्टरइतकं कळलं होतं. त्यावर तुमचं बोलणं एवढंच: "जा आत. आईला काय सांगू नगंस."

यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. न कळणाऱ्या माणसाला माफ करता येतं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही काकांना घेऊन उसाच्या बांधावर बसलात. कडं मागे फिरवायचंही तुम्हाला सुचलं नव्हतं. काका स्वयंपाकघरात येऊन आईला सांगत होते आणि हसू आवरत नव्हतं. "वहिनी, डुक्कर समोर हुबं. दादाला काय बी दिसंना. म्हनून डोळा पार काचंला चिकटवला आन् वढला की घोडा. दुर्बीन बसली भुवईवर! डुक्कर आपलं निवांत चालत गेलं." तुम्ही ओसरीवर हळद दाबून बसला होतात. सकाळपर्यंत त्या जखमेचा सुळा झाला होता.

चष्मा मला आईनं लावून आणला, तुम्हाला न विचारता, एसटीनं जाऊन. तुम्ही तो पाहिलात आणि गोठ्यात निघून गेलात. पुढे मला बघायला पाहुणे आले तेव्हा तुमच्या हुकमावरून मी चष्म्याशिवाय पोहे घेऊन बाहेर आले आणि पहिली बशी नवऱ्यामुलाऐवजी मध्यस्थाच्या हातात दिली. तुमचं तिकडे लक्षच नव्हतं. तुम्ही डुकराची गोष्ट सांगत होतात. ते स्थळ मोडलं याचा मला आजवर कधीही पस्तावा झालेला नाही.

तुमच्या मागे माझ्या भावांनी जमीन वाटून घेतली, बिल्डरला दिली, आणि कुणालाच नको असलेली दुर्बीण माझ्याकडे आली. भुवई फुटली त्या दिवसानंतर तुम्ही ती पुन्हा रायफलीवर चढवली नव्हतीत, फक्त दर खंडेनवमीला पाटावर मांडत होतात. त्या मागच्या कड्यावर तुमच्या अंगठ्याचा कुंकवाचा ठसा आहे, अर्धा कड्यावर आणि अर्धा नळीवर. ठसा अजून अखंड आहे. म्हणजे माझ्यासाठी जिथे थांबवलंत तिथून तुम्ही ते कडं कधी हलवलंच नाहीत. याला मी माया म्हणणार नाही. आळशी माणसं काहीच जागेवर परत ठेवत नाहीत, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

आता माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना तिच्यातून नुसतं धुकं दिसतं. खिडकीसमोर तीच टेकडी आहे. कडं जरासं फिरवलं तर पानं पुन्हा सुटी दिसतील. पण फिरवलं तर तुमचा अंगठा मधोमध तुटेल. मी ते फिरवलेलं नाही.