सड्याचा विमा

ता. १२ डिसेंबर १९८३, आर्वी

सुधा, उशीर झाला, रागावू नको. दिवाळीत तू ही वही दिलीस आणि म्हणालीस, "बाबा, चिडचिड आईवर काढण्यापेक्षा यात काढा. मी नागपूरहून आले की वाचीन." तुळशीची लग्नं झाली तरी वही ट्रंकेतच होती. आज काढली, कारण आज जेवण गेलं नाही.

काल मं. का.त लग्न होतं. (मंगल कार्यालय दरवेळी पूर्ण लिहिणार नाही, हात दुखतो.) आपलं कंत्राट झाडण्यापुसण्याचं आणि पंगत उठली की फरशी धुण्याचं. दारात सडा टाकणं त्यात नाही. पण कोरड्या दारातून नवरदेवाला आत घ्यायचं, हे आपल्या एकाही बाईच्या मनाला पटत नाही. कौसाबाईनं वऱ्हाड यायच्या आधी नेहमीसारखा टाकला. मालकानं यंदा दारात गुळगुळीत फरशी बसवली, ती तिच्या ध्यानात राहिली नाही. माझ्याही नाही.

नवरदेवाचे मामा आष्टीचे, कोणत्याशा ऑफिसात हेडक्लार्क. नवे बूट, नजर बँडकडे. सरकले. कौसा धरायला धावली, तर तिच्या अंगावर पडले. मामांचा गुडघा सुजला. कौसाचं उजवं मनगट मोडलं.

मामांना खुर्ची, बर्फ, वाऱ्याला दोन माणसं. कौसाला पंचफुलाबाईनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. जाताना कौसा मलाच विचारते, "काकाजी, मामाजीले लय लागलं काय?"

ता. १४ डिसेंबर

मं. का.च्या मॅनेजरनं बोलावलं. बसा म्हणाला नाही.

"काकाजी, विमा काढा."

म्हटलं, मी मेलो तर म्हातारीला मिळेल तो?

"तो नाई हो. तुमच्या कामानं दुसऱ्याचं नुकसान झालं, त भरून द्याचा. कागद आणला त माघातलं काम तुमचं, नाई त दुसरा पाहतो. अन् त्या बाईले काढा."

तिचा हात प्लास्टरमध्ये आहे, ती घरी पडून आहे, आणखी कुठून काढू? असं म्हणालो नाही. रस्त्यात आलो तेव्हा सुचलं. नेहमीचंच.

पौषात लग्नं नसतात. म्हणजे हाताशी पौष महिना. तेवढ्यात कागद आला नाही तर आपल्या बायांचं लग्नसराईचं काम गेलं.

ता. २० डिसेंबर

विमेवाले देशकर घरी आले. माणूस गोड. चहात साखर कमी पडली तरी गोडच बोलले. त्यांच्याकडे दोन जातीचे कागद आहेत. एक, आपल्या कामामुळे पाहुण्याला लागलं किंवा मं. का.चं काही फुटलं तर. त्याला मी पा. वि. म्हणतो, पाहुण्यांचा विमा. दुसरा, काम करताना आपल्याच बाईला लागलं तर. तो बा. वि., बायांचा.

विचारलं, पा. वि. काढला आणि पाहुणा आपल्या बाईवर पडला, तर?

"पाहुण्याचं मिळंल."

आणि खालच्या बाईचं?

"ते यात नाई येत, काकाजी. तिच्यासाठी तो दुसरा."

एकच सडा, एकच पाणी, दोघं एकावर एक पडलेले. वरच्याला कागद आहे, खालचीला नाही. हे कोणी ठरवलं त्याला मला एकदा पाहायचं आहे. म्हटलं, दोन्ही द्या. तर दोन्हींचा हप्ता ऐकून तुझी आई आतूनच बोलली, "मंग आपण खाव काय, कागद?"

देशकर म्हणाले, पहिला काढा, दुसऱ्याची घाई नाही, तुमच्या बाया काय कारखान्यात आहेत?

चहा परत मागून घेता आला असता तर घेतला असता.

ता. २९ डिसेंबर

बायांना बोलावलं. ज्यांच्यासाठी कागद काढायचा त्यांना विचारायला नको? चौघीजणी अंगणात बसल्या. तुझ्या आईनं त्यांच्यापुढे तुरीच्या शेंगा टाकल्या, म्हणजे बोलता बोलता सोलून होतील. ती संधी सोडत नाही.

दोन्ही विमे समजावले. पंचफुला म्हणाली, "बायांचा काढा. उद्या माहा पाय मोडला त पोराले कोण पोसन? मामाजी काय?"

"मामाजी लंगडत येतीन तुह्या घरी, खिचडी घेऊन," दुसरी बोलली. सगळ्या हसल्या. मलाही आलं हसू, दाबलं.

कौसा डाव्या हातानं शेंगा सोलत होती. जमत नव्हतं तरी. शेवटी म्हणाली, "काकाजी, पाहुण्याचाच काढा. काम राह्यलं त आपण राहू. हात काय रोज रोज मोडते?"

मला राग आला. तिच्यावर नाही. जिचं मनगट गेलं, तिनंच मामांची बाजू घ्यावी अशी वेळ कोणी आणली, त्याच्यावर.

आणि कौसाच आणखी एक गोष्ट बोलली, "मॅनेजरनं मले काढा म्हटलं ना? काढा काकाजी, मी काई म्हणणार नाई." तिला कोणी सांगितलं कळत नाही. मी नाही सांगितलं.

ता. ७ जानेवारी १९८४

देशकरांनी पा. वि.चा फॉर्म आणला. सगळं इंग्रजीत. मी चौथी शिकलो, तीही मराठीतून. ते वाचत गेले, मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. कामाचं स्वरूप? मी म्हणालो, झाडणे, पुसणे, धुणे, दारात सडा टाकणे. त्यांचा पेन थांबला.

"सडा नका लिहू. वापरातल्या दारात पाणी टाकता असं लिहून दिलं त आपिसवाले शंभर गोष्टी इचारतीन."

पुढचा प्रश्न, पूर्वी काही अपघात? म्हणालो, झाला ना, गेल्याच महिन्यात, मामा पडले.

देशकर हसले. "काकाजी, फॉर्म भरतानी एवढं खरं कोणी बोलत नाई."

न लिहिता सडा टाकला आणि कोणी पडलं, तर पैसे मिळतील?

"मंग पाहू."

मंग पाहू! विमा घ्यायचा तो "मंग पाहू" नको म्हणूनच ना? ते फुकट तर माझ्याजवळ आहेच. फॉर्म ठेवून घेतला. सही केली नाही.

ता. १६ जानेवारी

संक्रांत झाली. मॅनेजरनं तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाला. मी खाल्ला, बोललो नाही. बायांना सांगून आलो, कागदावर लिहिता येत नाही तो सडा माघापासून बंद. कौसा म्हणाली, "बरं काकाजी," आणि दुसरीकडे पाहत बसली. झोप नीट लागत नाही. बी. पी.ची गोळी चालू.

ता. २२ जानेवारी

आज तर हद्द झाली.

माघातल्या पहिल्या लग्नातल्या नवरीची आई मं. का. पाहायला आली. बाई मोठी टापटिपीची. भांडी, पाणी, संडास सगळं पाहिलं. मी जिना पुसून घेत होतो. जाताना दारात थांबून विचारते, "सडा कोण टाकते? आमच्यात कोरडं दार चालत नाई."

मॅनेजर लगेच, "त्याची चिंता नोका करू, ताई. आमच्या बाया झ्याक टाकतात. दुसऱ्या कार्यालयात हे नाई भेटणार."

आमच्या बाया! कौसा पडली तेव्हा ती तुमची बाई, काकाजी. आज सडा विकायचा तर आमच्या बाया.

ती गेल्यावर मी यावेळी रस्त्यापर्यंत थांबलो नाही. तिथंच म्हणालो, मग कंत्राटात लिहा, सडा तुमच्या सांगण्यावरून.

"काकाजी, हे काय लिहाची गोष्ट आहे? रीत आहे ते."

मग मामा पडले तेव्हा रीत पडली का? मी कशाला विमा काढू, रीतीलाच काढू द्या की.

तो म्हणाला, "तुम्ही आजकाल लय बोलून राह्यले." मग हळूच, "पायजो, कागद महिनाअखेरपर्यंत पायजे."

घरी आलो तर तुझी आई म्हणे, बोलले ना, आता जेवा. जेवलो. बऱ्याच दिवसांनी पोटभर.

ता. २७ जानेवारी

देशकरांना स्टँडवर गाठलं. म्हटलं, ऑफिसात दोन गोष्टी विचारा. सडा कामात लिहून पा. वि. मिळतो का? आणि दोन्ही विमे अर्धे-अर्धे मिळून एक होतो का, वरचा आणि खालची दोघांचा? ते म्हणाले, असं आजवर कोणी विचारलं नाही. म्हटलं, मग मी विचारतो. ते बसमध्ये चढले. विचारतील की नाही, देव जाणे.

कौसाचं प्लास्टर निघालं. मनगट जरा तिरकं बसलं. सरळ आमच्या अंगणात आली, बादली भरली आणि उजव्या हातानं पाणी शिंपून पाहिलं. चार वेळा पाणी तिच्याच पायावर पडलं, पाचव्यांदा दारापर्यंत गेलं. "जमते काकाजी," म्हणाली. मी सडा बंद सांगितला आहे. ते तिलाही ठाऊक, मलाही.

फॉर्म देवामागे ठेवला आहे. सहीची जागा कोरी. मॅनेजर महिनाअखेरीला कागद मागेल. कोणता काढू हे मला कळेना झालं आहे, आणि चूक झाली तर भोगणार बाया.

सुधा, हेच सगळं पोस्टकार्डावर बारीक अक्षरात लिहून तुला टाकलं आहे. त्यात शेवटी लिहिलं, तुझ्या ऑफिसात इंग्रजी वाचणारे आहेत, एखाद्याला विचार. सुट्टी नसली तर येऊ नको, पण चार ओळी लगेच धाड. महिनाअखेरीच्या आत.