पहिलाच प्रश्न

जयपूर, रविवार संध्याकाळ, डिसेंबर १९८६

आमच्या चर्चमध्ये सध्या तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, दारोदार साबणासारखं खपवायला शिकवतात. परदेशातून प्रश्नांची कार्डं आलीत. घर कुठलंही असो, प्रश्न तेच, हसूही तेच. पहिला प्रश्न: 'आज रात्री मेलात, तर कुठे जाल?'

आज माझ्या बायकोची, सुशीलाची परीक्षा. पुण्याहून आलेले प्रशिक्षक तिला शेजारच्या शेखावतबाईंकडे घेऊन गेले. बाईंचे यजमान जाऊन महिनाही झाला नाही. आणि त्यांना हा प्रश्न? सुशीलाने कार्ड पर्समध्ये टाकलं, त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा केला. दोघी पोटभर रडल्या.

प्रशिक्षक कुजबुजले, "बाई, पहिलाच प्रश्न राहिला."

"तुम्ही विचारा, साहेब. मी कप विसळते."

साहेबांनी नाही विचारला. निघताना शेखावतबाई म्हणाल्या, "भाभीजी, कल भी आना." फाटकाबाहेर साहेबांनी सुशीलाला नापास केलं.

ती उद्या पुन्हा जाणार आहे. बायको नापास झाल्याचा एवढा आनंद कुणाला होतो का? मला झालाय.