शकूवहिनींचं चौथं

९ ऑगस्ट १९८७, रविवार. नारळी पौर्णिमा.
सासरी गावी. सकाळी किनाऱ्यावर होडीची पूजा, दुपारी जेवण. बायका ओसरीत बसल्या होत्या. थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे शकूवहिनींना, पाचवा महिना. हे चौथं. पोटावर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "हा तुजाच हाय गो प्रेमला. आला का ने घरी."
बाकीच्या हसल्या. मी हसले नाही. वाक्य स्पष्ट होतं. देणारी कोण, घेणारी कोण, केव्हा, सगळं त्यात होतं.

१४ ऑगस्ट. रात्री ९.१५.
आधी हे लिहून ठेवते की मला मूल हवंच आहे असं नाही. लग्नाला पाच वर्षं झाली. दोघांच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. कारण सापडत नाही म्हणजे दोष नाही, एवढाच अर्थ मी घेतला आणि विषय संपवला.
हा फक्त व्यवस्थेचा प्रश्न आहे. वहिनींना तीन मुलं, दामूभावजींची एक होडी. इकडे आम्ही दोघं, दोन पगार, बोईसरजवळ सालवडला खोली आणि स्वयंपाकघर. चौथं इथे येणं सोयीचं.
नवऱ्याला, कमलाकांतला, आत्ताच सांगायचं नाही. तो लगेच गावभर विचारत सुटेल. वहिनींनाही परत विचारायचं नाही. एकदा दिलेला शब्द पुन्हा तपासणं बरं दिसत नाही.

२ सप्टेंबर.
कारखान्यात चुरीसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी जानेवारीपासून एकाला बडोद्याला ट्रेनिंगला पाठवणार. सहा महिने. परत आल्यावर इन्स्ट्रुमेंट सेक्शनची इन्चार्ज. पहिलं नाव माझं. डिप्लोमा झाल्यापासून मी याचीच वाट बघत होते, हे त्यांना माहीत आहे.
जानेवारीत बाळ तीन आठवड्यांचं असेल. नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, तर मी "घरगुती" म्हटलं. त्यांनी सेक्शनमधल्या ठाकूरचं नाव लिहिलं.
ठाकूरकडून अजून तापमान मोजायच्या थर्मोकपलची वायर उलटी लागते. माझा संबंध नाही.

२० सप्टेंबर, रविवार.
गावी. होडीचं इंजिन उघडून पडलं होतं. सासूबाई कमलाकांतला म्हणाल्या, "तुमाला दोगांना काय लागते रं? खानारी तोंडा दोन." मग त्याने दिवाळीचा बोनस आला की देतो म्हणून सांगितलं. दर वर्षी असंच होतं. गेल्या वर्षी जाळी, त्याआधी घराचं छप्पर. तो मुलांना वह्या-पुस्तकं देतो तेव्हाही हेच वाक्य. एरवी मला राग येतो. या वेळी आला नाही. पुढल्या वर्षी तोंडं तीन असतील.
वहिनी मासे साफ करताना म्हणाल्या, "आता कोन सांबाळील याला, माजी कंबर मोडली." लगेच नोंदवत आहे. हा दुसरा पुरावा.
त्यांच्या पायांना सूज आहे. मीठ कमी करा म्हटलं. त्या म्हणाल्या, "सुकी मासली खातो आमी, मीठ कुटून कमी करू?"

८ ऑक्टोबर.
स्टेशनजवळच्या दुकानातून दुधाची बाटली घेतली. वहिनी जवळ नसणार, तेव्हा वरचं दूध लागेल. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये पिपेटने तपासली. १०० मिलीच्या रेघेपर्यंत प्रत्यक्षात ९४ मिली मावतं. म्हणजे देशभर पोरं दर वेळी सहा मिली उपाशी राहताहेत. काचेवर लिहायच्या पेन्सिलीने बरोबर रेघ मारली.
पॅकिंगमधली हंसा मागे येऊन उभी होती. कोणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, सँपल आहे.

२३ ऑक्टोबर.
गेल्या आठवड्यात दिवाळीच्या ड्युटीची यादी लागली. लक्ष्मीपूजन: मी. दर वर्षी मीच. हंसाला दोन मुलं, पाटलीणबाईंना तीन, त्यामुळे सण त्यांचे. चुरीसाहेब म्हणाले, "तुम्हाला तसं घरी कोण आहे?" पाच वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, घरी काम आहे. त्यांनी माझं नाव खोडलं. हंसाचं घातलं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.
सुट्टी मिळाली. घरी काम असं नव्हतं. बाटली उकळून ठेवली.

२९ नोव्हेंबर, रविवार.
कमलाकांतने माळ्यावरून पंखा काढताना खोका पाहिला. आत चार झबली, दुपटी, बाटली, नायलॉनची मच्छरदाणी. कोणासाठी? मी म्हटलं, वहिनींच्या बाळासाठी. यात खोटं काही नाही.
तो खूश झाला. म्हणाला, बारशाला देऊन टाकू, नाहीतर आजच नेऊ. मी म्हटलं, इथेच राहू दे. तो खोका हातात धरून उभा राहिला. मग परत वर ठेवला. तो समजला असावा. बरं झालं, सांगायचं वाचलं.

१४ डिसेंबर.
मुलगी. पालघरच्या दवाखान्यात, पहाटे ४.२०. वजन २.९ किलो. दोघी ठीक. कमलाकांत पेढे घेऊन गेला. मी रजा काढली नाही. ती पुढे लागेल, साठवून ठेवते आहे.

२६ डिसेंबर, शनिवार. बारसं.
जे झालं ते क्रमाने लिहिते.
नाव जमुना ठेवलं. पाळणा म्हणून झाल्यावर वहिनींनी बाळ उचलून शेजारच्या नलूच्या मांडीवर दिलं. म्हणाल्या, "घे गो, तुजीच हाय." नलूने पापा घेऊन पुढे दिलं. मासळीवाल्या सोमीला त्या म्हणाल्या, "तू ने बाजारात, बोंबलाबरोबर इकून टाक." सोमी म्हणाली, "इकते ना, पन गिऱ्हाईक रडका माल घेत नाय." सगळ्या हसत होत्या. असं बाळ सात जणींचं झालं. मी मोजलं. आठवी मी.
माझ्याकडे आल्यावर वहिनींनी तेच म्हटलं. तुजीच हाय.
मला तेव्हा कळलं होतं. तरीही मी विचारलं, "कधी नेऊ?"
"कुटं?"
"घरी."
सासूबाईंना गंमत वाटली, त्या हसल्या. मग बाकीच्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून बाळ घेतलं. जरा घट्ट धरलं. कमलाकांत दारात होता.

२७ डिसेंबर.
 दुपारी कमलाकांत म्हणाला, ठाकूर बसमध्ये भेटला होता, बडोद्याचं त्याने सांगितलं. "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, बडोद्याचं पाणी मला मानवत नाही. मी बडोद्याला कधी गेलेली नाही. त्याला ते माहीत आहे. त्याने चहा केला, दोन कप, आणि माझा माझ्याजवळ आणून ठेवला.

४ जानेवारी १९८८.
चुरीसाहेबांना विचारलं. ठाकूर शनिवारी गेला. पुढली बॅच कधी, माहीत नाही. मग त्यांनी सव्वीस जानेवारीच्या ड्युटीची यादी पुढे केली. विचारलं नाही, फक्त पुढे केली. मी सही केली.

३० जानेवारी, शनिवार.
वहिनी बाळाला ट्रिपलची लस टोचून घ्यायला बोईसरला आल्या होत्या. जाताना दहा मिनिटं आमच्याकडे थांबल्या. पाणी दिलं. खोका दिला. "एवडा कशाला गो," म्हणाल्या, आणि चांगलं बोलल्या, माझ्या नोकरीचं विचारलं. बाळ सगळा वेळ त्यांच्या मांडीवर होतं, पदराखाली. मी म्हटलं, घेऊ का जरा?
त्या म्हणाल्या, "निजलीय गो."
मी बसले होते तिथून दिसत होतं. डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होती.
मी म्हटलं, निजू दे.