श्वास कोंडलेला असताना घेतलेलं माप

प्रिय कादरचाचा,

सलाम. तुम्ही असताना मुदखेडला एक चिठ्ठी टाकली नाही, आणि तुम्ही जाऊन दोन उन्हाळे झाल्यावर आता लिहायला बसलोय. चिडू नका. आज मी एका पोरीला इंटरव्ह्यूत नापास केलं. तेव्हापासून तुमच्या शिलाई मशीनचा आवाज कानातून जात नाही.

आठवतं? लातूरच्या कंपनीत माझा पहिला इंटरव्ह्यू होता. शर्ट शिवायला तुमच्या दुकानात आलो. तुम्ही छातीला टेप लावली आणि मी श्वास ओढून असा ताठ झालो, जणू कुस्तीला निघालोय!

"बालू, दम सोड रे पैले. फुगलेल्या माणसाचं माप घेतलं तर शर्ट दुसऱ्याचाच होतो."

मग टेप गळ्यात टाकून तुम्ही आमच्या बैलांची, विहिरीवरच्या मोटारीची चौकशी करत बसलात. मी बोलत सुटलो. मधेच माप कधी घेतलंत, कळलंच नाही.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी तर मला स्टुलावर बसवून तुम्ही स्वतःच साहेब झालात. "नाव सांग." मी शर्टाचं बटण पिळायला लागलो. "हात मांडीवर ठेव. आधी श्वास बाहेर, मग नाव. येत नसंल ते येत न्हाई म्हण. थापा साहेबाला लई लवकर ऐकू येतात." नोकरी लागली चाचा, तेवढ्यावरच. पेढे घेऊन यायचं मात्र राहून गेलं. का राहिलं?

पुढे स्वतःचं पंपांचं दुकान झालं, हाताखाली माणसं आली. शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायला कुणीतरी हवं होतं. आज सुनीता आली, किनवटकडची, वसतिगृहात राहून शिकलेली. आम्ही चौघं टेबलामागे. बसा म्हणेपर्यंत ती उभीच. स्वतःबद्दल सांगा म्हटलं, तर पाठ केलेलं इंग्रजी दोन वाक्यं चाललं आणि अडलं. तिला मोकळं करावं म्हणून मी म्हणालो, "काय बाई, किनवटची गाडी मुदखेड जंक्शनलाच थांबली का?" सगळे खो खो हसले. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी कागदावर फुली मारली.

पाच मिनिटांत बाहेर एक शेतकरी तणतणायला लागला. "नवी मोटार हाय अन् पाणीच उचलून न्हाई राहिली!"

कुणीतरी शांतपणे विचारलं, "मामा, विहिरीत सोडलेल्या पाइपाची जाळी बघितली का? कचरा अडकला असंल. आमच्या शाळेच्या विहिरीवर असंच व्हायचं."

"हाव की! ते न्हाई बघितलं."

माझे कान पहिल्यापासून तिखट. आवाज सुनीताचा होता, आणि त्यात थरथर नावालाही नव्हती. मी उठून बाहेर येईस्तोवर ती रिक्षात बसून गेलीसुद्धा.

चाचा, श्वास कोंडलेल्या पोरीचं माप घेतलं हो मी! वर तिला हसलो. समोर कसं बसायचं ते तुम्ही शिकवलंत. टेबलाच्या या बाजूला कसं बसायचं ते का नाही सांगितलंत? की सांगितलं होतं, टेप गळ्यात टाकून, आणि मला फक्त शर्ट दिसला?

संध्याकाळी तिला फोन केला. माफी मागितली, सोमवारी परत या म्हणालो. ती म्हणाली, "सर, तेच सगळे असतील का समोर?" मी नाही म्हणालो. "बघते," एवढंच म्हणाली. येईल का हो? तिच्या त्या एका शब्दातून मला काहीच ऐकू आलं नाही.

तुम्हाला शब्द देतो. ती आली तर मधे टेबल नसेल. दोन खुर्च्या, चहा, आणि आधी त्या शाळेच्या विहिरीची चौकशी. तिचा श्वास सुटल्याचं या कानांनी ऐकल्याशिवाय पेन उचलणार नाही. आणि नाहीच आली, तर तो फुली मारलेला कागद टेबलाच्या काचेखाली राहील, पुढच्या येणाऱ्याला हसायच्या आधी मला दिसावा म्हणून.

तुम्ही शिवलेल्या शर्टातला,
बालू