अर्धी दाढी आणि सर्दीची गोळी

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. सध्या मला वाकून एकदम उठायची मनाई आहे. का, ते पुढे येईल.) तुमची तब्येत, वहिनींचे गुडघे आणि तुमची कुंड्यांतली झाडं, सगळं ठणठणीत असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे आता आहोत. मधल्या दिवसांत मजा कुठे गेली होती ते सांगायलाच हे पत्र. फोनवरच सांगणार होतो, पण हल्ली मी विषयाला हात घालायच्या आत तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता, आणि ठेवताही. पत्राचं बरं असतं, मध्येच खाली ठेवलं तरी ते तिथेच वाट बघत बसतं.

विषय जरा नाजूक आहे. तुम्ही शाळेत शिकवत असताना शरीरशास्त्राचा तो धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून द्यायचात, असं तुमचे जुने विद्यार्थी माझ्या खुर्चीत बसून सांगतात. तर त्याच सोडलेल्या धड्यातली ही गोष्ट. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी. पुढे केस जातात, दात जातात, ऐकू कमी येतं, सगळ्या अंगाला उतार लागतो, आणि हिला एकटीला बाळसं धरायची हौस येते. ती वाढली की तिच्या मधून जाणारी लघवीची नळी आवळली जाते. मग जावंसं तर सारखं वाटतं, आणि गेलं की तिथे नुसतं उभं राहायचं, साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहावं तसं.

आता आपला धंदा तुम्हाला माहीत आहे. (तुम्ही शिकून मास्तर झालात, पण आप्पांच्या हाताखाली ब्रश तुम्हीही धुतलेत.) गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावला की जगबुडी झाली तरी हात हलवायचा नाही. आणि माझ्यावर नेमकी तेव्हाच वेळ यायची. आमच्याकडे बँकेचे एक मॅनेजर येतात, वेळेचे फार पक्के. त्यांचा उजवा गाल झाला की मी 'आलोच' म्हणून मागच्या दाराने पसार. तिथे उभा राहून नळ सोडून बघितला, शीळ घालून बघितली, देवाचं नाव घेतलं. परत येईपर्यंत डाव्या गालावरचा फेस वाळून पापडी झालेली. एकदा तर ते बिचारे तसेच अर्ध्या दाढीने बँकेत निघून गेले. तिथे दिवसभर कुणी ब्रसुद्धा काढला नाही म्हणतात, मॅनेजरला कोण सांगणार!

मी घरात बोललो नाही. हिने विचारलं, तर वय झालं म्हणालो. पाणी प्यायचं कमी केलं (मोठं शहाणपण!), आणि सलूनमध्ये लांबलचक दाढ्या घेणं बंद केलं. पण दादा, खरं सांगतो, मनात भीती घर करून बसली होती. आपल्या घराण्यात 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हा मंत्र. आप्पांनीही मूठ झाकूनच ठेवली. सारखे उठायचे, आपण म्हातारपण म्हणायचो, आणि शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. ते मला आठवायचं. त्यात आणखी तो दुसरा रोग, ज्याचं नाव आपण घरात घेत नाही, तोही ह्याच ग्रंथीला होतो असं एका गिऱ्हाइकानेच ज्ञान पाजळलं होतं. तेव्हा मी आरशात त्याचे कल्ले बघत होतो की स्वतःचा चेहरा, ते आठवत नाही.

अशात मला सर्दी झाली. आता बाकीच्यांना सर्दी झाली तर ते शिंकतात आणि नाक पुसतात. न्हाव्याला ती चैन परवडत नाही. हातात वस्तरा, समोर माणसाचा गळा, आणि शिंक आली तर? म्हणून आप्पांच्या काळापासून आपल्या खणात तुरटीच्या शेजारी सर्दीच्या गोळ्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको. नाकात जरा हुळहुळलं की एक टाकायची, ही आपली रीत. मी त्या दिवशी सकाळी एक घेतली, आणि मॅनेजर येणार म्हणून दुपारी आणखी एक. शिंक गेली. पण दादा, सर्दीच्या गोळीने नाकाबरोबर खालचंही दार बंद झालं! अशी वाढलेली ग्रंथी असणाऱ्याने ती गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायची नसते, हे आपल्याला दोन पिढ्यांत कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत एक थेंब नाही. पोट टमटमीत, अंगाला दरदरून घाम, आणि मी फरशीवर बसून लहान मुलासारखा रडतोय. लाज वगैरे काही उरली नाही. हिने रिक्षा बोलावली आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याचा उद्धार करत मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर कोण निघावेत? आपलंच गिऱ्हाईक! दर पंधरवड्याला माझ्याकडे मिशी कोरून घेणारे. त्यांनी एक बारीक रबरी नळी आत घातली. बाकी वर्णन करत नाही, पण जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं, फक्त भांड्याच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी होती. मी त्या डॉक्टरांचे हात धरून सांगितलं की तुमची मिशी जन्मभर फुकट. (ही शेजारीच उभी होती, ती म्हणाली, अहो, शुद्धीवर या.)

दुसऱ्या दिवशी तपासणी. बोट घालून ग्रंथी चाचपतात, आणि कुठून चाचपतात ते तुम्ही वाचायला बसलाच आहात तर समजून घ्या. मी काठीसारखा ताठ झालो. तर डॉक्टर म्हणतात, सैल सोडा, हलू नका, आत्ता होतंय. दादा, ही तिन्ही वाक्यं मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय! आता कळतं, त्यांच्या मानेला तेव्हा काय वाटत असेल. पण खरं सांगू, चहात बिस्कीट बुडवायला लागतो तेवढा वेळ. ह्या एवढ्यासाठी माणसं वर्षानुवर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातात. मग सोनोग्राफी झाली. त्या दुसऱ्या रोगाचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी मात्र लगेच केली नाही. नळी असताना तिचा आकडा उगाच चढलेला दिसतो, थोडं थांबू, म्हणाले. ते थांबणं काही मला सोसेना. पायाला पिशवी बांधून सलूनमध्ये खुर्ची पुसत बसायचो आणि हिच्याशी विनाकारण भांडायचो. ती एकदाही उलटून बोलली नाही, त्यावरून कळलं की तीही घाबरलीय.

नळी काढली, तोवर ग्रंथीवरची गोळी सुरू झाली होती, आणि सगळं आपसूक वाहतं झालं. मग एका यंत्रावरच्या नरसाळ्यात लघवी करायला लावली. धार किती जोराची, ह्याचा ते आलेख काढतं. बाहेर नर्सबाई वाट बघत उभ्या, आत मी, आणि पहिल्या झटक्यात पास झालो अशी आयुष्यातली ही पहिलीच परीक्षा. आणि काही आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. तो दुसरा रोग असल्याचं काहीच लक्षण नाही, ही साधी वाढ आहे, वयाची. मूत्रपिंडं शाबूत. ही दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडली आणि मग मला म्हणाली, मेल्या, आधी सांगितलं असतंस तर! (लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पहिल्यांदाच 'अरेतुरे' केलं. फार बरं वाटलं.)

आता रोज झोपताना एक गोळी. ती त्या नळीभोवतीचे स्नायू सैल करते, पण सुरुवातीला रक्तदाबही जरा खाली येतो, म्हणून एकदम उठायचं नाही. मी विसरलो. पडलेला कंगवा उचलायला वाकलो, ताडकन उठलो, डोळ्यांपुढे काजवे, आणि थेट मॅनेजरांच्या मांडीवर जाऊन बसलो. ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, आज दोन्ही गाल करणार ना? केले. एका बैठकीत, सलग! पुढे गोळीने भागलं नाही तर दुर्बिणीने ऑपरेशन करतात, वरून कापाकापी नाही. पण तूर्त गरज नाही.

तर येत्या बुधवारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय. हिला माहेरी जायचंय आणि मला एकट्याला जायचा धीर होत नाही. तेवढी सोबत करायला याल का? वहिनींनाही आणा.

तुमचा धाकटा

ता. क. सोबतीचं वर लिहिलं ते खोटं आहे. ही कुठेही जात नाही, आणि मला तीन महिने बोलावलेलं नाही. बुधवारी नाव तुमचं लावलंय. भाचीच्या लग्नात तुम्ही सारखे 'फोन आलाय' म्हणून मांडवाबाहेर जात होतात आणि तुमचा फोन माझ्या खिशात होता.

ता. क. दुसरा. तुमच्या खणातही सर्दीच्या गोळ्या असणार, आप्पांची सवय. हे वाचून झालं की त्या टाकून द्या. दादा, आप्पांच्या वेळी आपल्याला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मला तुम्ही हवे आहात.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. वहिनी आता समोर भाजी निवडत बसल्या असतील. भाजी हे निमित्त आहे. हे पत्र वाचता वाचता तुम्ही किती वेळा उठून गेलात, ते त्या मोजतायत.