आधी खेचरं, मग शाळा

मिसुरी, १४ जुलै १९०१

प्रिय अल्मेडा,

तुझ्या आईने मला या टेबलाशी बसवलंय आणि स्वतः स्वयंपाकघरात बरणीत भरायला पीच शिजवते आहे. डाव भांड्यावर जरा जास्तच जोराने आपटतोय, म्हणजे मी लिहितोय की नुसताच बसलोय यावर तिचं लक्ष आहे, हे मला कळावं. तिचं म्हणणं एकच. जहाज अजून सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यालाच आहे, पोरीला परत बोलवा. फिलिपाइन्समध्ये शाळा उघडायच्या तर उघडू देत सरकारला, त्यासाठी आपलीच लेक कशाला हवी? 'माझं नाही ऐकलं, तुमचं ऐकेल,' म्हणते. बावीस वर्षांत तू माझं नक्की कधी ऐकलंस, हे मी विचारलं नाही. डाव हातात होता.

इकडे सगळं ठीक. मक्याने यंदा माना टाकल्यात, पाऊस नाही. रविवारी पाद्रीबाबांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली, 'अंधारात दिवा घेऊन निघालेली आपल्या गावची लेक' वगैरे. सगळ्या चर्चने वळून माझ्याकडे पाहिलं. मी टोपी मांडीवर फिरवत बसलो. तुझी आई रडली, आणि बायकांना वाटलं, अभिमानाने रडतेय.

सोमवारी बाजार भरला. कॅप्टन लॉरिमर आले होते लष्करासाठी खेचरं घ्यायला. त्यांनी तुझी मुद्दाम चौकशी केली, तुझी शिफारस केल्याचा त्यांना आनंद आहे. या खेपेला एक इंग्रजही होता, आफ्रिकेतल्या त्यांच्या लढाईसाठी खेचरं बघत फिरणारा. दोघं माझ्याच कुंपणाला रेलून शेजारी शेजारी उभे. या धंद्यात राहून माझे कान खेचरापेक्षा लांब झालेत असं आपला हेफ्नर लोहार म्हणतो, ते काही खोटं नाही. मी एका जनावराचे दात बघत होतो, पण ऐकत होतो त्यांचं. कॅप्टन म्हणाले, 'आम्हाला हे नवीन आहे हो. समुद्रापलीकडचा मुलूख सांभाळायचा म्हणजे घरचे लोक प्रश्न विचारतात.' इंग्रजाने पाइप झटकला. म्हणाला, 'पहिली काही वर्षं विचारतात. मग सवय होते त्यांना.' आणि दोघं हसले. दुष्टपणाने नाही, शेजारी शेजाऱ्याला बियाण्याचं सांगतो ना, तसे. मी दोघांनाही खेचरं विकली, भावही चांगला आला. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

हेफ्नर नाल ठोकता ठोकता बोललाच, 'कॅप्टनसाहेब, शिकवायलाच जायचं होतं तर आधी मास्तरीण पाठवायची. तुम्ही आधी खेचरं पाठवलीत.' कॅप्टन म्हणाले, 'ती माणसं लहान मुलांसारखी आहेत, मिस्टर हेफ्नर. आधी शिस्त, मग शाळा.' हेफ्नर म्हणाला, 'माझ्या बापाला जर्मनीत असंच सांगायचे. म्हणून तर मी इथे नाल ठोकतोय.' कॅप्टन सभ्य माणूस, त्यांनी हसण्यावारी नेलं.

पिकेटांचा ऑर्व्हिल परत आलाय, हे तुला कळलं नसेल. शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसून तुझ्या वेणीला गोखरू चिकटवायचा, तोच. माझ्याच खेचरांबरोबर तिकडे फिलिपाइन्सला तांडा हाकायला गेला होता. हिवतापाने निम्मा झालाय. रोज येऊन आवारात बसतो, बोलत नाही. तुझी आई ताक आणि मक्याची भाकरी देते, तेवढं खातो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी नव्या तांड्यासाठी घोडी निवडत होतो. खेचर माणसाला जुमानत नाही, पण गळ्यात घंटा बांधलेली घोडी पुढे असली की तिच्यामागे कड्यावरूनसुद्धा उतरतं, हे तुला मी सांगायला नको. करड्या घोडीच्या गळ्यात घंटा बांधली, ती जरा चालली, आणि ऑर्व्हिल ताकाचा पेला तसाच ठेवून आवाराबाहेर गेला. मी मागोमाग गेलो. म्हटलं, 'काय रे, ताक बाधलं?' तर म्हणाला, 'टॉलिव्हरकाका, ती घंटा काढा ना तिच्या गळ्यातली.'

मग हळूहळू बोलला. बंडवाले डोंगरात लपतात. त्यांना धान्य मिळू नये म्हणून पलटण गावोगावची भाताची कोठारं जाळत जाते. घरं गवताची, तीही मागे राहत नाहीत. पलटणीचं सगळं सामान आपल्या खेचरांवर. म्हणजे गावात सगळ्यांच्या आधी पोचतो तो घोडीच्या घंटेचा आवाज. 'पहिल्या गावात पोरं बघायला धावत आली होती, काका. एवढं मोठं जनावर त्यांनी कधी पाहिलेलं नाही. एकाने तर खेचराच्या कानाला हात लावला. नंतर नंतर घंटा वाजली की गाव रिकामं. चुलीवर भात रटरटतोय आणि माणूस नाही.' एका गावात दगडी शाळा होती. पावसात खेचरं तिथेच बांधली, फळ्याला दोर अडकवून. घेतलेली खेचरं रवाना होईपर्यंत कॅप्टन गावातच होते, त्यांना मी हे विचारलं. म्हणाले, 'तसल्या सगळ्या शाळांच्या भिंती आता चुन्याने रंगवतायत, मिस्टर टॉलिव्हर. तुमच्या मुलीसारख्या मुलींसाठीच.'

गावात कुणी ऑर्व्हिलचं खरं धरत नाही. तापाने डोकं फिरलंय म्हणतात. मी धरतो, त्याला कारण आहे. माझ्या लहानपणाचा एक किस्सा तू शंभरदा ऐकलायस, गाडीला बैलाऐवजी गाय जुंपलेली, ती मध्येच बसकण मारते आणि मी तिची मनधरणी करतो. तू खूप हसायचीस, म्हणून मी तेवढाच सांगायचो. ती गाडी का निघाली होती, ते सांगितलं नाही. यादवीत आपल्याच सरकारच्या पलटणीने आमचा अख्खा जिल्हा रिकामा करवला, बंडवाल्यांना भाकरी मिळू नये म्हणून. घरं जळली, मैलच्या मैल नुसती विटांची धुराडी उभी. मी आठ वर्षांचा होतो. घोडेस्वार यायचे तेव्हा आधी लगामाच्या साखळ्या खुळखुळायच्या. पुढे युद्ध संपलं, आम्ही परत आलो, आणि एक भली बाई बग्गीत पुस्तकं आणि साखरेच्या गोळ्या घेऊन मुलांना शिकवायला आली. तिच्या घोड्याच्या साखळ्या खुळखुळल्या आणि मी मक्याच्या शेतात पसार. रोज यायची, रोज मी पसार. शेवटी ती माझ्या आईला म्हणाली, 'तुमच्या पोराला शिकायचंच नाही हो.' फार चांगली बाई होती. मी अक्षर गिरवलं ते मिसरूड फुटल्यावर, तुझ्या आईच्या हाताखाली.

आई आत्ताच डोकावून गेली. इतकी पानं भरलेली बघून तिला बरं वाटलं. तिला वाटतंय, मी तुला परत बोलावतोय. मलाही तेच लिहायचं होतं, खरं सांगतो. पण तू येणार नाहीस. आणि आलीस तरी त्या शाळेत दुसऱ्या कुणाची लेक जाईल आणि तिला हे सांगणारं कुणी नसेल. म्हणून लिहितोय. निघताना मी तुझ्या ट्रंकेत शाळेसाठी घंटा ठेवली, हेफ्नरने अक्रोडाची मूठ बसवून दिलेली. ती आपल्या आवारातली आहे, अल्मेडा. घोड्यांच्या गळ्यात बांधतो त्यांतलीच, त्याच आवाजाची. पहिल्या दिवशी सकाळी तू दारात उभी राहून ती वाजवशील, आपल्याकडच्या सगळ्या मास्तरणी वाजवतात तशी, आणि एकही मूल येणार नाही. तू थांबशील. पुन्हा वाजवशील, आणखी जोराने. आणि थोड्याच दिवसांत, तुझा स्वभाव मुळात चांगला असूनही, म्हणायला लागशील की या पोरांना शिकायचंच नाही. तुला तिकडे ताप आला तर मी सोसेन, हे सोसवणार नाही. ती घंटा समुद्रात टाकून दे. मुलांना हाक मारून बोलाव. त्यांची नावं अवघड असतील. आधी तू ती शीक.

तुझाच,
बाबा