दोन दाढा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

बाबांच्या दाढा काढायला मी सांगितलं, मान्य. पण आता दर पत्रात तेच? रक्तात सुजेचा आकडा चढलेला, ताप नाही, खोकला नाही, मग दाढेत पू असणार, एवढंच मला सुचलं. आमच्या मुकादमाचं तसंच निघालं होतं. बाबांनी गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बटणं उलट्या बाजूला लावली म्हणतेस. वय झालं, हसून सोडून दे. दाढा गेल्यावर आकडा उतरला का, ते कळव. बर्फाच्या गोदामात बोटं बधिर होतात, म्हणून अक्षर असं.

तुझा,
धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

आकडा उतरला नाही. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाने परवा बाही कॉलरला शिवली. मग मला विचारलं, तू कुणाची गं? मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला, पाठीतून पाणी घेतलं. सूज मेंदूत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथून रक्ताला निरोप जातात, की अंगातलं सगळं सैन्य उठतं. आकडा म्हणून चढला. दाढा चांगल्या होत्या, मी दोनदा विचारलं. यायला तीन आठवडे उशीर झाला म्हणाल्या. इंजेक्शनं चालू आहेत. दर आठवड्याला रक्त बघायचं, आकडा उतरला तर डोकं निवतंय समजायचं. बाबा रिकाम्या जागेवर जीभ फिरवतात, कुठे गेल्या विचारतात. पडल्या, म्हणते.

जेवत जा.

ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र गोदामाच्या दारात उभ्याने वाचलं आणि परत पेट्या उचलायला लागलो. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

इथे तळघरात बर्फयंत्राचा गॅस गळला की घंटा फाटकावर वाजते. पहिल्या महिन्यात मी शहाण्याने गळती सोडून फाटकावरची घंटाच बिघडली समजून खोलून पुसली होती. मुकादम अजून हसतो. बाबांच्या तोंडातही मी तेच केलं.

पडल्या म्हणू नकोस. धाकट्याने काढायला लावल्या, असं सांग. त्यांनी मला शिवी घातली तर कुठली घातली ते लिही. मला नेहमी म्हणायचे तसं गाढवाच्या म्हणाले तर आकडा बघायचीही गरज नाही, मला ओळखलं त्यांनी.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस. नव्या दाढांचं नंतर बघू. रक्ताच्या चार तपासण्यांचे पैसे पाठवतोय, सहा हजार चारशे.